गंगेचे पाणी आणि गंगथडीची वाट : पैठण, शेवगाव आणि मढी यांच्यातील कावडीचा इतिहास

कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर मिटवून जमलेल्या प्रत्येकाला कृतीत सामील करून घेणाऱ्या सादरीकरणाला आधुनिक कलाविचारात सहभागाची कला म्हटले जाते, आणि तिचा इतिहास सहसा १९५९ साली अ‍ॅलन कॅप्रो यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ‘हॅपनिंग’ नावाच्या प्रयोगांपासून सांगितला जातो. या कलेने पुढे नद्यांकडेही लक्ष वळवले. अमेरिकेत बाझिया आयर्लंड यांनी १९९५ ते २००० या काळात रिओ ग्रांदे नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंत, काठावरच्या माणसांच्या हातून हाती नदीचे पाणी पुढे नेणारा प्रकल्प उभा केला. दिल्लीत अतुल भल्ला यांनी २००७ मध्ये यमुनेच्या काठाने चालत नदीच पाहण्याची एक रीत मांडली. आणि २०११ मध्ये दिल्ली व हॅम्बुर्ग या दोन शहरांतील कलावंत ‘यमुना-एल्ब’ या उपक्रमात आपापल्या शहरांच्या नद्यांभोवती एकत्र आले. माणसांनी नदीचे पाणी भांड्यात घ्यावे, ठरलेल्या वाटेने व ठरलेल्या नियमांनी पुढे न्यावे आणि त्या नेण्यातूनच वाटेवरच्या लोकांचे एकमेकांशी नाते सिद्ध व्हावे, ही आयर्लंड यांच्या प्रकल्पाची मूळ कल्पना मात्र गोदावरीच्या काठी, पैठणपासून शेवगाव तालुक्यातून मढीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर, कलादालनांची गरज न भासता पूर्वापार चालत आलेली आहे. त्या प्रथेला कावड म्हणतात. तिच्याकडे कलेच्या नजरेने पाहिल्याने तिच्यातील भक्तीला बाध येत नाही. उलट तिची भूमिकावाटणी, तिची वाट, तिचे काळाचे भान आणि शरीराला लावलेली तिची शिस्त अधिक स्पष्ट दिसू लागते.

शेवगाव हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे गाव असून तालुक्याची उत्तरेकडची बाजू गोदावरीला भिडलेली आहे. या भागातील बोलण्यात गोदावरी हे नाव क्वचित येते. लोक तिला गंगा किंवा गंगामाई म्हणतात, तिच्या काठच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला गंगथडी म्हणतात, आणि नजीक बाभूळगाव येथील खासगी साखर कारखान्यालाही गंगामाई हेच नाव आहे. हा पट्टा सोडून दक्षिणेकडे पाथर्डीच्या डोंगररांगांकडे सरकावे तसा मुलूख कोरडा होत जातो, ओढे-नाले पावसाळ्यापुरतेच वाहतात आणि विहिरींचा तळ उन्हाळ्यात दिसू लागतो. अवर्षणाच्या छायेतील या प्रदेशात बारमाही पाण्याची ओळख म्हणजे गंगा, आणि गंगेवरचे शहर म्हणजे पैठण. सातवाहनांच्या काळापासून प्रतिष्ठान या नावाने ओळखले गेलेले हे शहर नदीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे, आणि त्याचे घाट, बाजार, विणकर व शास्त्री यांच्यामुळे दक्षिण तीरावरच्या खेड्यांचे लक्ष कायम पलीकडे लागलेले असे. शेवगावकरांच्या दृष्टीने पैठण हे सर्वांत जवळचे तीर्थ होते आणि बऱ्याच अंशी सर्वांत जवळचे शहरही होते.

हे तीर्थ मात्र राजकीय नकाशावर दीर्घकाळ परमुलखात राहिले. पालखेडच्या मोहिमेत निजाम-उल्-मुल्कची कोंडी केल्यानंतर पहिल्या बाजीरावाने ६ मार्च १७२८ रोजी त्याच्याशी जो तह केला तो मुंगी-शेवगावचा तह म्हणून ओळखला जातो. त्यातील मुंगी हे याच तालुक्यातील गोदाकाठचे गाव असून निंबार्काचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते परंपरेत मानले जाते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर शेवगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेले आणि पैठण हैदराबादच्या निजामाकडे राहिले, त्यामुळे नदी ही दोन राजवटींमधली सीमा झाली. पलीकडे निजामाचे चलन, निजामाची उर्दू कचेरी आणि मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते, तर अलीकडे मामलेदार आणि इंग्रजी कायदा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत ही स्थिती टिकली, आणि १९५६ मधील राज्यपुनर्रचनेनंतरच दोन्ही तीर एका राज्यात आले. या सव्वाशेहून अधिक वर्षांत दक्षिण तीरावरचा माणूस फाल्गुन-चैत्रात, पात्र उतरलेले असताना, नदी ओलांडून पैठणला जात होता आणि पाणी भरून परत येत होता. सरकारी दप्तरात ज्याला सरहद्द म्हटले गेले ती नदी कावडीवाल्यांच्या दृष्टीने देवाच्या अंगावर घालण्याच्या पाण्याचे ठिकाण होती. गंगथडी हा एकसंध प्रदेश आहे ही जाणीव दोन राजवटींच्या काळात ज्या गोष्टींनी जिवंत ठेवली, त्यांत कावडीचा वाटा मोठा मानावा लागतो.

कावडीचा अर्थ समजून घेण्यासाठी प्रथम पैठणमधील एका रांजणाकडे पाहावे लागते. संत एकनाथ (१५३३–१५९९) यांनी फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली असे परंपरा मानते, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी यांच्या जीवनातील प्रसंगही याच तिथीशी जोडलेले असल्याने तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. नाथांच्या वाड्यात, म्हणजे आज गावातील नाथमंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, एक रांजण आहे. द्वारकेचा श्रीकृष्ण श्रीखंड्या नावाच्या नोकराचे रूप घेऊन नाथांच्या घरी बारा वर्षे राहिला, रोज नदीवरून कावडीने पाणी आणून त्याने हा रांजण भरला, आणि ओळख पटण्याची वेळ येताच तो गुप्त झाला, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ती सर्वदूर पोहोचवण्यात राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे संतचरित्रकार महीपती (१७१५–१७९०) यांच्या ओवीबद्ध ग्रंथांचा मोठा हात आहे. तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, रांजणाची पूजा होते आणि तेथून भाविक गोदावरीवर जाऊन घागर, कळशी, तांब्या, ज्याच्याजवळ जे भांडे असेल ते भरून आणतात व रांजणात रिकामे करतात. पाणी आणणाऱ्यांत स्त्रिया असतात, पुरुष असतात, आजीचा हात धरून आलेली मुलेही असतात. षष्ठीच्या सुमारास कोणाच्या तरी घागरीने रांजण काठोकाठ भरून ओसंडू लागतो, आणि त्या गर्दीत एक खेप देवानेही टाकली अशी श्रद्धा उपस्थितांच्या मनात असते.

या विधीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. रांजण कोणा एकाने भरायचा नसतो आणि एका दिवसात भरायचाही नसतो. आधीच्या माणसाने ओतलेल्या पाण्यावर पुढचा माणूस आपले पाणी ओततो, त्यामुळे कोणाचे पाणी कोणते हे ओततानाच नाहीसे होते. घागर उचलणारा प्रत्येकजण काही क्षणांपुरता श्रीखंड्याच्या भूमिकेत असतो. त्यासाठी त्याला वेगळा पोशाख करावा लागत नाही, संवाद म्हणावे लागत नाहीत, पाण्याचे ओझे पुरेसे असते. उलट खरा श्रीखंड्या त्यांच्यापैकी कोण, हे कोणालाच कळू नये अशी योजना आहे, म्हणून शेजारून घागर नेणाऱ्या अनोळखी माणसाकडेही आदराने पाहावे लागते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे नायकाची भूमिका शेकडो जणांत वाटलेली असून तिचा उलगडा हेतुपूर्वक टाळलेला आहे. सहभागाच्या कलेचा अभ्यास करणाऱ्यांना प्रयोग संपवावा कसा हा प्रश्न नेहमी पडतो. पैठणच्या रांजणात तो निर्णय पाण्याच्या पातळीवर सोपवलेला आहे.

नाथांच्या चरित्रात कावड आणखी एकदा येते. काशीहून गंगेचे पाणी कावडीत घेऊन रामेश्वराला अभिषेक करण्यासाठी निघालेल्या नाथांनी वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजले, ही ती कथा होय. काशीचे पाणी रामेश्वराला आणि रामेश्वराची वाळू काशीला नेण्याची यात्रा भारतभर प्रसिद्ध होती, आणि काशीयात्रेहून परतलेली मराठी कुटुंबे मावंदे करून गंगेचा सीलबंद गडू देवघरात जपत. अशा मौल्यवान पाण्याची कावड वाटेत रिती करण्याचा नाथांचा निर्णय विधीचा भंग करणारा आहे, आणि परंपरेने तो भंग विधीच्या पूर्ततेहून मोठा मानला, हे कावडीच्या इतिहासात विसरून चालत नाही. गंगथडीच्या कावडीची वाट जिथे संपते त्या मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो आणि तो राज्यभर प्रसिद्ध आहे, ही गोष्टही या कथेशेजारी ठेवून पाहावी अशी आहे; गाढवावर पोट असलेल्या भटक्या समाजांची ती यात्रा आहे. नाथांची भारुडेही याच सार्वजनिक वृत्तीची आहेत: वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्या लोकांची सोंगे घेऊन ती सादर होतात आणि सोंगाड्या श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तर काढतो.

मढी हे पाथर्डी तालुक्यातील गाव, नवनाथांपैकी कानिफनाथांच्या समाधीचे स्थान. १८१९ मध्ये मालू नरहरी यांनी रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ ग्रंथाने नवनाथांच्या कथा गावोगावच्या पारायणांत पोहोचवल्या, आणि वृद्धेश्वर, सावरगाव, मढी अशी नाथस्थाने असलेला हा डोंगराळ टापू त्या कथांचा प्रत्यक्ष भूगोल ठरला. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. यात्रेपूर्वी मढीचे ग्रामस्थ देवाला तेल लावण्याच्या विधीनंतर महिनाभर व्रतस्थ राहतात, त्या काळात घरात तळण करत नाहीत, शेताची कामे व लग्नकार्ये थांबवतात आणि पलंग-गादी वापरत नाहीत. यात्रेचा मुख्य दिवस रंगपंचमी, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी. गोपाळ, कैकाडी, वैदू आणि इतर भटक्या जमातींना या यात्रेत परंपरेने मानाचे स्थान आहे आणि त्यांच्या जातपंचायतीही पूर्वी येथेच भरत. मढीची पंचमी झाली की दुसऱ्याच दिवशी पैठणची षष्ठी असते, त्यामुळे या दोन दिवसांत शेवगाव तालुक्यातून माणसांचा एक प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे, समाधीकडून नदीकडे, सरकतो. पुढे अमावास्येच्या व पाडव्याच्या सुमारास प्रवाह उलटतो आणि पैठणला भरलेले गोदावरीचे पाणी कावडींतून कानिफनाथांच्या समाधीवर घालण्यासाठी मढीकडे येऊ लागते. एकाच पंधरवड्यात एकाच मुलखातून झालेली ही ये-जा पाहिली म्हणजे पंचांग हेच या सादरीकरणाचे संहितापुस्तक आहे, असे म्हणावेसे वाटते.

कावड म्हणजे बांबूची लवचिक काठी आणि तिच्या दोन्ही टोकांना शिंक्यात अडकवलेली तांब्या-पितळेची भांडी. काठी कडक असेल तर चालण्याच्या हिसक्याने पाणी सांडते, फार लवली तर खांद्याला तोल सापडत नाही, म्हणून काठीची निवड जाणता माणूस करतो. भांड्यांची तोंडे फडक्याने बांधलेली असतात, कावडीला भगवी निशाणे, फुले आणि घुंगरू लावलेले असतात, आणि कावडीवाला अनवाणी असतो. पाणी भरल्यापासून देवाला घालेपर्यंत कावड जमिनीला टेकवायची नाही हा मुख्य नियम. त्यामुळे विश्रांतीसाठी ती झाडाच्या फांदीला किंवा घोडीला, म्हणजे लाकडी तिकाटण्याला, अडकवावी लागते, किंवा सोबतच्या माणसाने खांदा द्यावा लागतो. खांदा बदलण्याची ही क्रिया न थांबता, चालता चालता होते: मागून आलेला माणूस काठीखाली आपला खांदा सरकवतो, पहिला वाकून बाजूला होतो, आणि दोन्ही भांडी क्षणभर हेलकावून पुन्हा सरळ होतात. पैठण ते मढी हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचे आहे आणि चैत्राच्या तोंडाशी उन्हाचा तडाखा असतो, त्यामुळे कावड एकट्याने नेता येणे अवघड. तिला गावच लागते. कोणी खांदा देतो, कोणी हलगी वाजवतो, कोणी वाटेवर पाण्याचा माठ आणि गुळाचा खडा घेऊन उभा राहतो, आणि दारावरून कावड जाताना बायका कावडीवाल्याच्या पायांवर पाणी घालतात.

ही रीत मढीपुरती मर्यादित नाही. श्रावणात वृद्धेश्वरासारख्या शिवस्थानांना कावडी जातात, आणि नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावोगावच्या जत्रांत कावड हा पहिला कार्यक्रम असतो. गावची तरुण मुले पैठणला किंवा प्रवरासंगमला जाऊन गंगेचे पाणी आणतात, वेशीवर वाजतगाजत त्यांचे स्वागत होते, ग्रामदैवताला त्या पाण्याने स्नान घातले जाते, आणि त्यानंतरच रात्रीचा छबिना, दुसऱ्या दिवशीची तमाशाची हजेरी आणि दुपारचा कुस्त्यांचा हगामा असा क्रम लागतो. गंगेचे पाणी आल्याखेरीज जत्रा उभी राहत नाही. मराठी मुलखातील इतर कावडींशी तुलना केली असता स्थानिक रूप अधिक उठून दिसते. शिखर शिंगणापूरला चैत्र शुद्ध द्वादशीला सासवड परिसरातून कऱ्हेचे पाणी घेऊन येणाऱ्या, भुतोजी तेली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानाच्या कावडीसह अनेक कावडी मुंगी घाटाचा उभा कडा चढतात, आणि तेथे माणसांची साखळी करून अजस्र कावड वर ओढणे हाच कळसाचा क्षण असतो. अकोल्यात १९४४ साली अवर्षणाच्या पार्श्वभूमीवर तरुणांनी गांधीग्राम येथील पूर्णेचे पाणी आणून राजराजेश्वराला अभिषेक केला आणि त्यातून श्रावणाच्या अखेरच्या सोमवारचा कावड-पालखी महोत्सव वाढत गेला. शेकडो भांड्यांची भरणी मिरवणारी ती आज पूर्णपणे शहरी, मंडळांच्या ईर्ष्येवर उभी असलेली मिरवणूक आहे. शिंगणापूरला कड्याचा थरार आहे, अकोल्यात संख्येचा. गंगथडीच्या कावडीत दोन्ही फारसे नाहीत. येथे लांबी आहे, म्हणजे सपाट, रुक्ष मुलखातून दिवसभर चालण्याची चिकाटी, आणि ती डोळ्यांत भरणारी नसल्यामुळेच तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांवर १९९५ मध्ये आणि यात्रा व प्रदेशभान यांच्या संबंधावर २००३ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथांत माणसांच्या अशा चालण्यातून प्रदेश कसा घडतो याची सखोल मांडणी केली आहे, आणि त्याआधी इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवरील अनुभवातून महाराष्ट्राची व्याख्याच शोधली होती. एकनाथांची पालखी आषाढीसाठी पैठणहून निघून शेवगाव तालुक्याच्या पूर्व भागातून पंढरपूरकडे जाते. वारीवर विपुल लेखन झाले. कावडीच्या वाट्याला त्याचा अंशही आला नाही, वास्तविक पालखीत पादुका जातात आणि कावडीत खुद्द नदी जाते. एका मुलखाचे पाणी दुसऱ्या मुलखाच्या देवावर घालण्याइतके थेट नाते दुसऱ्या एखाद्या विधीत क्वचितच आढळते.

या नात्याला मर्यादाही होत्या, आणि त्या झाकून इतिहास लिहिता येणार नाही. पाणी पवित्र मानणाऱ्या समाजाने त्याच पाण्यावरून माणसांना दूरही लोटले. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्य मुलाला नाथांनी कडेवर घेतले ही कथा सांगितली जाते, कारण तसे करणे त्या काळी अपवादात्मक आणि धर्मबाह्य होते. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, यावरून नाथांनंतर सव्वातीनशे वर्षांनीही प्रश्न कुठे उभा होता हे कळते. कावडीचा मान, पहिला खांदा, अभिषेकाचा अधिकार या गोष्टी गावगाड्याच्या उतरंडीप्रमाणे वाटल्या जात. मढीच्या यात्रेने भटक्यांना मान दिला, पण यात्रा संपल्यावर त्यांना गावकुसाच्या आत जागा मिळाली असे नाही. सहभागाची कला म्हणून कावडीचे मोल मांडताना सहभाग कोणाचा आणि कोणत्या टप्प्यापर्यंत, हा प्रश्न प्रत्येक गावाच्या बाबतीत स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

कावडीच्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट मात्र धरणाने घडवला. पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे १०० टीएमसीहून अधिक पाणी साठवणारा जलाशय तयार झाला आणि त्याला नाथसागर हे नाव मिळाले. पैठण, गंगापूर, नेवासा आणि शेवगाव या तालुक्यांतील शंभराहून अधिक गावे त्याच्या पाण्याखाली गेली वा हलवावी लागली. गंगथडीची सर्वांत सुपीक जमीन, नदीकाठची देवळे, उतार आणि पायवाटा बुडाल्या. शेवगावच्या वाट्याला जमीन जाणे आधी आले आणि पाणी मिळणे फार उशिरा, ताजनापूरसारख्या उपसा योजनांची दीर्घ प्रतीक्षा करत आले. मराठवाड्याची शेती, छत्रपती संभाजीनगरचे पिण्याचे पाणी आणि उद्योग यांना या धरणाने आधार दिला हे निर्विवाद आहे, पण ज्या गावांनी ती किंमत मोजली त्यांच्या बाजूने या नदीचा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही.

नदीचे पात्र धरणाच्या वर समुद्रासारखे पसरले आणि धरणाच्या खाली, म्हणजे पैठणचे घाट जेथे आहेत तेथे, उन्हाळ्यात रोडावले. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडू लागली. नाथषष्ठीच्या आधी, स्नानासाठी आणि पाणी भरण्यासाठी पात्रात पुरेसे पाणी असावे म्हणून, धरणातून गोदावरीत पाणी सोडण्याची मागणी होते, पाटबंधारे खात्याचा निर्णय होतो आणि दरवाजे किंवा विद्युतगृहाच्या मार्गे विसर्ग केला जातो. श्रीखंड्याच्या रांजणात आज पडणारे पाणी अशा रीतीने सरकारी आदेशाने वाहते होते. कावडीवाल्यांच्या बरोबर आता टेम्पो असतो, कुठे अनवाणी पायांची जागा चपलांनी तर कुठे चालण्याची जागा दुचाकीवरच्या खेपांनी घेतली आहे, आणि नदी ओलांडण्यासाठी पूल आहे. तरीही कावड जमिनीला न टेकवण्याचा नियम बहुतेक ठिकाणी पाळला जातो, आणि जमीन धरणात गेलेल्या घरांतील नातवंडेही गंगेचे पाणी आणायला निघतात. ती आणतात ते पाणी ज्या जलाशयातून सुटते, त्याच्याच तळाशी त्यांच्या आजोबांची शेते आहेत. या प्रथेचा पुढील अभ्यास करणाऱ्याला गावोगावच्या जत्रा समित्यांच्या वह्या आणि ज्येष्ठ कावडीवाल्यांच्या मुलाखती यांच्याबरोबरच धरणाच्या विसर्गाची फाल्गुन महिन्यातील दप्तरेही वाचावी लागतील, कारण १९७६ नंतर या सादरीकरणाची वेळ पंचांग आणि पाटबंधारे खाते या दोघांनी मिळून ठरवलेली आहे.